एका जिन्याचा मुराळी

मामांच्या घरात सकाळ व्हायची ती कवायतीनं. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, पण अंगणात उभं राहून हात वर-खाली करताना अजूनही हिंदीत आकडे मोजायचे. त्याच सुमाराला स्वयंपाकघरात मामीचा भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. दोन्ही ताल एकमेकांत मिसळायचे, आणि मामा मध्येच आकडा विसरले की मामी आतून म्हणायची, "आवं, फुडचा आकडा सांगू का? माजी भाकरी थांबलीया." मी बाहेरच्या खोलीत, मामांच्या काळ्या ट्रंकेशेजारी गोधडीत पडून हे ऐकायचो. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी कॉलेजसाठी सांगलीला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आमची मेंढरं होती, थोडी जिरायत शेती होती, आणि वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं मुलूख फिरायचे. वर्गात मी शेवटच्या बाकाच्या आसपास बसायचो आणि सरांनी काही विचारलं की वहीत बघायचो. जे येत होतं तेही मला तोंडानं सांगता यायचं नाही, आणि इंग्रजी तर मुळात येतच नव्हतं.

घर दोन मजली होतं. वरच्या मजल्यावर जायला अंगणातून जिना होता, आणि तो मजला मामा भाड्यानं द्यायचे. तिथं मी आलो त्या वर्षी तुर्कस्तानातलं एक कुटुंब राहायला आलं. आमच्याकडच्या एका व्यापाऱ्यानं बेदाणा निवडायची यंत्रं तिकडून मागवली होती. ती बसवून चालती करायला हलील नावाचा तंत्रज्ञ आला. काम दोन हंगाम चालणार म्हणून त्यानं बायकोला, एलिफला, आणि चार वर्षांच्या जेरेनला बरोबर आणलं. मामांना याचा फार आनंद झाला, पण त्यामागचं कारण मी होतो. त्यांनी मला अंगणात उभं करून समजावलं, "बिरू, ही गोरी मान्सं हायती. यास्नी विंग्रजी येनारच. रोज सांजच्याला वर जाऊन बसायचं, आन वरीसभरात मला फाडफाड बोलून दाखवायचं." मी वह्या-पेन घेऊन वर गेलो. एलिफताईनं दार उघडलं, मला बसवलं, आणि माझ्यापुढं स्वतःची वही ठेवली. तिलाही कुणीतरी सांगितलं होतं की भारतातल्या सगळ्या कॉलेजच्या मुलांना इंग्रजी येतं. ती माझ्याकडं शिकायला बसली होती. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांच्या कोऱ्या वहीकडं बघत राहिलो, आणि मग तीच आधी हसली.

तरी मी रोज जात राहिलो. माझ्या कॉलेजच्या पुस्तकातले धडे आम्ही दोघं मिळून वाचायचो, शब्दकोशात बोट घालून, एकेक वाक्य ओढत न्यायचो. कधी कधी दोघंही अडायचो. अशाच एका दिवशी ती साबणाकडं बोट दाखवून 'साबून' म्हणाली आणि मी दचकलो. मग आम्हाला नादच लागला. दुकानाला ती दुक्कान म्हणायची, हवेला हवा, मैदानाला मैदान, मित्राला दोस्त. चहा म्हणजे चायच. त्यांच्या दाराला एक निळा काचेचा डोळा टांगलेला होता आणि मामीला त्याचं कोडं पडलं होतं. मी विचारलं तर एलिफताई म्हणाली, "नजर." मी खाली येऊन सांगितल्यावर मामी म्हणाली, "आगं बया, मग सरळ सांगायचं की. मी म्हन्ते कसला डोळा हाय." दुसऱ्या दिवशी मामीनं त्या काचेच्या डोळ्याशेजारी स्वतःच्या हातानं लिंबू-मिरची बांधली. ती कुणी सोडली नाही.

ते घर कसं चालायचं हे मी जवळून बघितलं. हलीलभाऊ सकाळी लवकर व्यापाऱ्याच्या जीपमधून जायचे आणि दिवेलागणीला बेदाण्याची चिकट धूळ अंगावर घेऊन यायचे. कामापुरतं इंग्रजी घरात फक्त त्यांना यायचं. दिवसभर एलिफताई आणि जेरेन, आणि त्यांच्याभोवती एक अख्खं न वाचता येणारं शहर. पुड्यांवरची, डब्यांवरची, बसवरची अक्षरं त्यांच्या लेखी नक्षी होती. एकदा हातगाडीवाल्याकडून तिनं पांढरी रांगोळी घेतली, मीठ समजून, आणि त्या दिवशीचं मसुराचं सूप तिघांच्या दातांत करकरलं. तेव्हापासून ती काहीही आणलं की जिन्यावरून खाली येऊन मामीसमोर धरायची आणि भुवया उंचावायची. मामी चिमूट तोंडात टाकून 'खा' किंवा 'खाऊ नकू' एवढं हातानं सांगायची. दुपारी गच्चीवर दोघींची वाळवणं शेजारी शेजारी असायची, एकीकडं मामीचे सांडगे आणि एकीकडं दोऱ्यात ओवलेल्या, पोकळ केलेल्या वांग्यांच्या माळा. कुठलं वाळवण कशाला लागतं हे दोघींनाही शेवटपर्यंत नीट कळलं नसावं, पण कावळे हाकलायचं काम वाटून घेतलेलं होतं.

एलिफताईचं माहेर द्राक्षांच्या मुलखातलं. आपल्याकडचा बेदाणा सावलीत, जाळ्यांच्या शेडमध्ये वाळवतात हे बघून ती हसली होती. त्यांच्याकडं तो उन्हात जमिनीवरच पसरतात. मग एके दिवशी तिनं माझ्याकडं द्राक्षाची कोवळी पानं मागितली, फवारणी न झालेली. मी मामांच्या ओळखीच्या बागायतदाराकडून, त्याच्या घरामागं मांडवावर चढवलेल्या एकट्या वेलाची पानं घेऊन आलो. तो मला म्हणाला, "शेरडं कुठं बांधलीयास रं, मामाच्या माडीवर?" एलिफताईनं त्या पानांत भात भरून, बोटाएवढ्या गुंडाळ्या करून लिंबू पिळून शिजवल्या. मामांनी पहिली गुंडाळी सुटी करून आत काय आहे ते तपासलं, दुसरी तशीच खाल्ली, आणि तिसरीनंतर बोलायचं थांबले. जेवण झाल्यावर हलीलभाऊंनी त्यांच्या रीतीप्रमाणं सगळ्यांच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं पातळ अत्तर ओतलं. मामांनी ते दाढीनंतरचं समजून गालांना चोळलं आणि दिवसभर त्याच वासात बाजार फिरून आले.

आता मी स्वतः परमुलखात राहतो. नोकरीनं मला तिथं नेलं, माझी मुलगी तिथल्या बालवाडीत जाते आणि घरी येऊन मला माहीत नसलेली गाणी म्हणते. दुकानात उभं राहून दह्याच्या डब्यावरचं नाव वाचता न आल्यामुळं मी पहिल्या वर्षी आंबट साय घालून कढी केली होती. पालकसभेत सगळे हसले की मी जरा उशिरा हसतो. त्यामुळं एलिफताईच्या त्या दिवसांविषयी लिहिताना मला अडखळायला होतं. तेव्हा मला ती फक्त मजेशीर, हसरी बाई वाटायची. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती जेरेनला मांडीत घेऊन बसायची आणि रस्त्याकडं बघत राहायची, तेव्हा ती काय बघत होती, हे मला आता आता थोडंसं कळायला लागलं आहे, असं वाटतं.

दुसऱ्या हंगामात एलिफताईला दिवस गेले. जेरेनचा जन्म तिच्या आईकडं झाला होता, आणि याही वेळी सातव्या महिन्याआधी तिकडं जायचं ठरलं होतं. आई, चुलत्या, शेजारणी, सगळ्या वाट बघत होत्या. पण मध्येच तिचा रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरीणबाईंनी एवढा लांबचा विमानप्रवास नको म्हणून स्पष्ट सांगितलं. आईनं इकडं यावं तर घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा होते, त्यांना तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही चालत नव्हतं. म्हणजे बाळंतपण इथंच, सांगलीत, तिच्या बाजूचं कुणीही नसताना. हे तिनं मला धडा वाचता वाचता सांगितलं आणि लगेच पुढचं वाक्य वाचायला घेतलं. त्या दिवशी तिनं एकही शब्द चुकीचा उच्चारला नाही, आणि मला ते बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात माझी आई आगगाडीनं सांगलीला आली. येताना तिनं आमच्याकडचा घेवडा आणला होता. एलिफताईला घेवडा बघून काय आनंद झाला! त्यांच्याकडंही तो आठवड्यातून एकदा तरी असतो. तिनं टोमॅटो घालून तो शिजवला, भाताबरोबर वाढला, आणि आम्ही सगळे खालच्या अंगणात जेवायला बसलो. आई जेवताना तिच्याकडं निरखून बघत होती. मग तिनं ताटातला शेवटचा दाणा उचलावा तशा सहजपणे मामीला विचारलं, "हिचा मुराळी कवा येनार हाय?" मामीनं वाढायचा चमचा खाली ठेवला. मामा ताटात बघायला लागले. एलिफताईला हा शब्द कळला नाही, पण सगळे गप्प झालेले कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत: लग्न झालेल्या मुलीला माहेरी न्यायला माहेरचं माणूस येतं, बहुतेक भाऊ, हातात शिदोरी घेऊन येतं, त्याला मुराळी म्हणतात. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, हसली, आणि जेरेनचं तोंड पुसायचं आहे म्हणून वर निघून गेली. जेरेनचं तोंड स्वच्छच होतं.

आईला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ती हात धुता धुता मामीला म्हणाली, "मग तुमी कशाला हाय?" मामी म्हणाली, "मी तेच म्हनत हुते, वन्सं. पर ही आपल्यातली न्हाई, आवडंल का न्हाई." आई म्हणाली, "बाळतीन समद्यांतली असती." एवढ्यावर ठरलं. खालची आतली खोली, जिथं मामी लोणच्याच्या बरण्या ठेवायची, ती रिकामी करायची, आणि एलिफताईला बाळंतपणाला खाली आणायचं. मामांना ही गोष्ट कळल्यावर त्यांनी ती आपल्या ताब्यात घेतली. ते म्हणाले, नुसतं 'ये गं खाली' म्हणून बोलावणं बरोबर नाही. माहेर म्हणजे माहेर. मुराळी गेला पाहिजे. आणि मुराळी म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला नवा पांढरा शर्ट घालायला लावला. मामांनी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला फेटा बांधला, इतका घट्ट की कपाळाची कातडी वर ओढली गेली. मामीनं करंज्या, डाळं आणि गूळ डब्यात भरून, वर खण-नारळ ठेवून फडक्यात बांधून दिलं. आणि एवढा सगळा थाट करून मी आमच्याच अंगणातून निघालो आणि जिना चढून आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर गेलो. अर्ध्या वाटेत जेरेन भेटली. गल्लीतल्या पोरांच्या नादानं ती अस्सल इथलं बोलायला लागली होती आणि मला मामा म्हणायची. तिनं फेट्याकडं बघून विचारलं, "मामा, तू नवरा हाइस व्हय?"

रविवार होता, हलीलभाऊ घरी होते. त्यांनी मला बघून उभं राहून खुर्ची दिली. बारीक कंबरेच्या छोट्या पेल्यात कोरा चहा आला, ओंजळीत लिंबाचं अत्तर आलं, बशीत बेदाणे-बदाम आले. मग मी माझं पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, की मी एलिफताईला माहेरी न्यायला आलो आहे. त्यांनी विचारलं, कुठं? मी खाली बोट केलं. ते समजून घेत राहिले, दोन-तीनदा विचारून घेतलं, आणि मग शांतपणे म्हणाले, नाही. माझी बायको एकटी नाही. मी आहे. मी तिची काळजी घेईन. तुमचे आभार. आणि मला जिन्यापर्यंत पोचवायला आले.

मी खाली येऊन सांगितलं. माझी मान खाली होती. पण मामांचा चेहरा उजळला. "च्या दिला?" त्यांनी विचारलं. दिला. "अत्तर दिलं?" दिलं. "खायाला?" दिलं. "आन मग न्हाई म्हनला?" म्हणाले. मामांनी मांडीवर थाप मारली. "बराबर हाय! सासरची मान्सं पयल्यांदा न्हाईच म्हनत्यात. लगीच धाडली तर लोक म्हनतील, सून नकुशी हुती. माज्या बहिनीला आनाय गेलो तवा मला चार दिस बसवून ठेवल्यालं. गडी चांगल्या घरातला हाय!" मी सांगायचा प्रयत्न केला की ते खरंच नाही म्हणालेत, रीत म्हणून नव्हे. पण मला तोंडात शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मामीनं दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीसाठी पुरणाची डाळ भिजत घातली होती.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो, पुन्हा फेटा बांधून. पुन्हा चहा, अत्तर, बेदाणे. हलीलभाऊ या वेळी जरा जोरात म्हणाले, नाही. खाली मामा म्हणाले, "वा!" तिसऱ्या दिवशी हलीलभाऊंनी मला बघून डोक्याला हात लावला, तरी आधी खुर्ची पुढं केली. आणि त्याच वेळी आतल्या दाराचा पडदा वाऱ्यानं सरकला. आत पलंगाजवळ एक भरलेली पिशवी दिसली. वर लहान बाळाचे विणलेले मोजे होते, आणि पिशवीच्या बंदावर हात ठेवून एलिफताई उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, नवऱ्याच्या पाठीकडं बघत होती. रोज मी यायच्या वेळेला ती पिशवी तयार असणार, हे मला तेव्हा कळलं. तिला यायचं होतं. पण नवऱ्याच्या 'नाही'वरून पाय टाकून तिला यायचं नव्हतं.

मी चहा संपवला आणि उठलो नाही. मी म्हटलं, मला एक गोष्ट सांगायची आहे, चुकेन, पण सांगतो. इंग्रजीचे शब्द सापडले नाहीत तिथं मी हातांनी सांगितलं, आणि हात पुरले नाहीत तिथं मराठीत. मी सांगितलं की माझा जन्म घरात झाला नाही. वडील मेंढरं घेऊन मुलूख उतरत होते, आई पोटुशी असून बरोबर चालत होती, आणि वाटेत एका अनोळखी शेतकऱ्याच्या रानात मुक्काम असताना तिला कळा सुरू झाल्या. वडील मेंढरांबरोबर डोंगरात होते. त्या शेतकऱ्याच्या बायकोनं आईला स्वतःच्या घरात नेलं, स्वतःच्या लेकीच्या जागी झोपवलं, पाणी तापवलं, आणि आई चालती होईपर्यंत सोडलं नाही. अजूनही आई त्या घराला माहेर म्हणते. कॉलेजात मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आमच्याकडं बघून कुणी असली गोष्ट विचारेल, असंही कधी वाटलं नव्हतं.

हलीलभाऊंनी माझा रिकामा पेला पुन्हा भरला. मग त्यांनी विचारलं, "तुझे वडील परत आल्यावर चिडले का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी त्या घरी एक घोंगडं नेऊन दिलं. दर वर्षी त्या वाटेनं जाताना जेवायला थांबतात. ते म्हणतात, मी दोन ठिकाणचा जावई आहे."

मग त्यांनी सांगितलं. निघताना एलिफच्या आईला त्यांनी शब्द दिला होता, की मी तिला काही कमी पडू देणार नाही. आता ती दुसऱ्याच्या घरी बाळंत झाली, तर त्या बाईला फोनवर काय तोंड दाखवू? यंत्र बसवता येतं, म्हणाले, पण पहाटे तिला रडताना बघून काय करायचं हे मला येत नाही, आणि ते येत नाही असं मी कुणाला सांगितलेलं नाही. एवढा मोठा माणूस, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा, हे मला सांगत होता. मी म्हटलं, "ती कुठं लांब जाणार नाही. तुम्ही जिना उतरला की आलाच. आणि जावई म्हणून आलात की तुम्हाला आधी वाढतात." ते पहिल्यांदा हसले. आत बघून त्यांनी तुर्कीत काहीतरी म्हटलं. पडद्यामागून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

आमच्याकडं न्यायला आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. दुसऱ्या सकाळी मामांचे आकडे चालू असतानाच ते स्वतः पिशवी घेऊन पुढं आणि एलिफताई माझ्या मागं, अशी आमची वरात जिना उतरली. मी फेटा बांधला होता. मामीनं दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मामांनी हलीलभाऊंना कडक सलाम केला. शेजारच्या बायका फाटकाशी जमल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "एवढ्याशा जिन्यासाठी मुराळी?" मामी म्हणाली, "आंतर किती हाय ते बगायचं न्हाई. आला का न्हाई ते बगायचं."

त्यानंतरचे दिवस मला वासांनी आठवतात. तुपात तळलेला डिंक, ओवा, शेपा, धुरीचा कोळसा. मुलगी झाली, भर दुपारी, सगळं सुखरूप. हलीलभाऊ तासगावच्या रस्त्यावर अडकले होते आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मामी आणि मी होतो. नर्सनं येऊन माहेरचं कोण आहे विचारलं, तेव्हा मामीनं मला कोपरानं ढकललं, आणि मी उभा राहून 'मी' म्हणालो. माझा आवाज दवाखान्याच्या मानानं जरा मोठाच झाला. घरी आणल्यावर मामीनं बाळाला चोळून अंघोळ घातली तेव्हा एलिफताई दारातून बघत होती, घाबरत, आणि बाळ अंघोळीनंतर असं झोपलं की तीही झोपली. त्यांच्याकडंही बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात. त्यांच्याकडं तिच्या डोक्याला लाल फीत बांधतात, सरबत लाल करतात. मामीनं आपल्या जुन्या लुगड्याची लाल किनार फाडून दिली. हलीलभाऊ रोज कामावरून आले की जिन्याकडं न वळता खालच्या दारात येऊन खाकरायचे, आणि मामी लगबगीनं पाट मांडायची. जावयाला रोज गोड काय करायचं, या काळजीनं ती बाळंतिणीपेक्षा जास्त दमली.

पाचव्या की सहाव्या दिवशी एलिफताईच्या आईचा फोन आला. तेव्हा मोबाइलवर चेहरा दिसत नसे, नुसता आवाज यायचा, तोही मध्येच तुटत. हलीलभाऊंनी आवाज मोठा करून फोन बाजेवर ठेवला. मायलेकी बोलल्या, एलिफताई रडली, आई रडली असावी. मग आईनं मामीला मागितलं. मामीनं हात पदराला पुसले, फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला, आणि तिकडून तुर्कीत सुरू झालं. मी पुढं झालो, म्हटलं थोडं थोडं हलीलभाऊंना विचारून सांगतो. एलिफताईनं माझी बाही धरून मला मागं बसवलं. मामी मराठीत बोलत होती, ती बाई तुर्कीत, कधी एकीमागून एक, कधी दोघी एकदमच, आणि कुणीही थांबून 'काय म्हणालात' असं विचारत नव्हतं. एकदा दोघी हसल्यासुद्धा. पैसे संपून फोन बंद पडला तेव्हा मामी तो तसाच तोंडासमोर धरून होती.

मामांनी विचारलं, "काय म्हनत्यात?"

"काय म्हनायचंय," मामी म्हणाली. "लेक रडती का, इचारत हुत्या. मी सांगितलं, रडती, पर जेवती."

एलिफताईनं माझ्याकडं बघितलं. मी तिला सांगितलं मामी काय म्हणाली ते. ती काही वेळ बाळाच्या कपाळावरचे केस सारखे करत राहिली. मग हळू म्हणाली, आई तेच विचारत होती. पुन्हा पुन्हा, तेवढंच.

मामी तोवर उठून चुलीकडं गेली होती. अळिवाची खीर खाली लागत आली होती, ती ढवळत होती. एलिफताईनं उशीशेजारची रिकामी वाटी उचलली, हात लांब करून तिच्याकडं धरली आणि म्हणाली, "मामी, आनकी."